काटा, कप आणि ‘हाताचा अंदाज’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कप-चमच्याची मापं ग्रॅममध्ये कशी बदलायची, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एक कप मैद्याला मी १२० ग्रॅम लिहिले, दुसरीकडे १४० दिसतात, मग खरं काय, मोठा चमचा सगळीकडे सारखा नसतो, चिमूटभर सोडा काट्यावर कळतच नाही. आणि शेवटी, "काट्यावर मोजणाऱ्यांच्या हाताला अंदाज नसतो, त्यांनी दुसऱ्यांना शिकवायला जाऊ नये."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. तेव्हा आधी त्याबद्दलच.

गेली १९ वर्षं मी ओव्हनपुढे उभी आहे. त्यातली सहा एका बेकरीत गेली, पहाटे चारपासून. ब्रेडच्या पिठाला पाणी कमी पडलंय की जास्त झालंय, हे मला बोट लावलं की कळतं. तरीही तिथे सगळं वजनावरच घ्यायचो: पीठ १०० धरलं तर पाणी ६५, मीठ २. ही टक्केवारी बेकरीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा. आमच्यात वीस-वीस वर्षं पीठ मळलेली माणसं होती. त्यांच्या हाताला अंदाज नव्हता, असं तुम्ही त्यांच्या तोंडावर म्हणाला असतात का?

शिवाय ब्रेडचं पीठ मळताना दुरुस्त करता येतं, केकचं मिश्रण एकदा ओव्हनमध्ये गेलं की तुमचा हात कितीही तयार असो, तो बाहेरच राहतो. सुरुवातीच्या काळात कपाने मोजून केलेला माझा एक केक मधोमध बसला होता. त्याच मापांनी पुढचा कोरडाठक्क झाला. काटा आणल्यावर हा लपंडाव थांबला.

तुमची प्रतिक्रिया वाचून उठले आणि मैद्याचा डबा काढला. २४० मिलीचा कप डब्यात खुपसून भरला, वरून सुरी फिरवली: १४६ ग्रॅम. मग चमच्याने हलकेच भरून सपाट केला: १२३. चाळून भरला: १०९. मैदा तोच, कप तोच, हातही माझाच. दोन कपांच्या केकमध्ये पहिल्या दोन पद्धतींतच ४६ ग्रॅमचा फरक पडतो. तुमचे १४० आणि माझे १२० यांचं उत्तर यातच आहे. माझा आकडा चमच्याने भरलेल्या कपाचा आहे. ते तक्त्याशेजारी लिहिलं नव्हतं, पण लेख शेवटपर्यंत वाचणाऱ्याच्या ते लक्षात येतं.

मोठ्या चमच्याबद्दल मात्र तुमचं बरोबर. ऑस्ट्रेलियात तो २० मिलीचा असतो, बहुतेक ठिकाणी १५ चा. हे सुटलं होतं, आज तक्त्यात घातलं. पण मग कपाचंही तसंच आहे ना? अमेरिकेतला सुमारे २३७ मिली, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २००. म्हणजे तुमचाच मुद्दा माझ्या बाजूने बोलतोय, हे लिहिताना तुमच्या लक्षात आलं नाही.

सोड्याचं म्हणाल तर, घरातला काटा एकेका ग्रॅमने पुढे सरकतो, तिथे चमचाच घ्यावा. मी कधी नको म्हटलं?

मतभेद असू द्या, पण "शिकवायला जाऊ नये" ही भाषा नको. माझ्या लेखाखाली नवशिकी मुलंमुली प्रश्न विचारतात. २४० मिलीच्या कपात साखर २०० ग्रॅम बसते आणि मध ३४० च्या आसपास, हे त्यांना कोणीतरी सांगायलाच हवं. मी सांगत राहणार. तुम्ही एकदा तुमच्या कपात मैदा तीन वेळा भरा, तिन्ही वेळा वजन करा आणि आकडे इथे लिहा. मग पुढचं बोलू.