गारव्याची मजुरी

विदर्भातला माणूस मे महिन्यात उन्हामुळे थकतो, असा उरलेल्या महाराष्ट्राचा समज आहे. ऊन बिचारं बाहेर असतं. अकरा ते पाच त्याच्या वाटेला शहाणा माणूस जातच नाही. गेलाच तर डोक्याला-तोंडाला दुपट्टा असा गुंडाळून जातो की सख्खी आईही ओळखणार नाही. आम्हाला थकवतो तो कूलर. गार होण्यासाठी जी मजुरी करावी लागते, तिच्यात आधी पुरेसा घाम जातो आणि मग त्या घामावर कूलरचा वारा खरोखर छान लागतो. त्यामुळे कूलर चांगला आहे, असं आमचं दरवर्षी मत होतं.

होळी झाली की गच्चीवरून किंवा जिन्याखालून तो चौकोनी लोखंडी पेटारा बाहेर निघतो. उचलायला दोघं लागतात, आणि "थोडा डावीकडं घे, भाऊ" म्हणायला तिसरा. टाकीच्या तळाला गंजून छिद्र पडलेलं असतंच. ते एमसीलनं बुजवायचं, पण त्याआधी गंज खरवडून पत्रा कोरडा करायचा. ओल्या गंजावर लावलेलं एमसील पहिल्याच आठवड्यात पाण्यावर तरंगतं. मग आतून डांबराचा हात. हा हात वाळायला दोन दिवस द्यावे लागतात. आम्ही एक देतो आणि पुढचे चार दिवस घरभर नव्या रस्त्याचा वास घेत झोपतो.

त्यानंतर ताट्या. कूलरच्या तीन बाजूंच्या जाळ्यांत शेवयांसारखं किसलेलं लाकूड भरायचं, त्याला सगळे गवत म्हणतात. वाळा घातला तर सुगंध येतो, आणि त्याची किंमत ऐकून घामही. दरवर्षीची चूक अशी: गवत जास्त घातलं म्हणजे गारवा जास्त, असं समजून लोक ते ठासून भरतात. मग हवा आत शिरत नाही, मोटर तापते आणि कूलर नुसता घरघरतो. दीड-दोन इंचांचा सारखा थर पुरे. खरी मेख वरच्या बाजूला आहे. गवत भिजलं की खाली बसतं आणि आठवड्याभरात वर चार बोटांची फट पडते. हवेला ओल्या गवतातून धडपडत यायची हौस नसते. ती फटीतून सरळ आत येते, बाहेर जशी होती तशी, ४४ अंशांची. म्हणून वरच्या बाजूला थोडं जास्त गवत घालून ते सुतळीनं दोन-तीन ठिकाणी जाळीला बांधायचं. हे काम घरातल्या ज्या माणसाला सांगावं, तो त्या क्षणी पाणी प्यायला उठतो.

पंप सुरू करून दहा मिनिटांनी बाहेरून ताटीवर तळहात फिरवून बघा. ओलं लागेल तिथे ठीक. एखादा पट्टा कोरडा लागला, तर त्याच्या बरोबर वरच्या पाइपातलं किंवा पन्हाळीतलं भोक क्षारानं बुजलंय. दाभण घ्या आणि मोकळं करा. सगळीच ताटी कोरडी असेल, तर पंपाच्या तोंडाची जाळी काढून बघा: गवताच्या काड्यांचा गोळा निघतो. पंप आधी आणि पंखा दहा मिनिटांनी, हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. बाहेरून तापून आलेला माणूस मात्र दोन्ही बटणं एकदम दाबतो आणि कोरड्या गवताचा भुसा तोंडावर घेतो.

हे सगळं करूनही खोली चिकट लागते, अशी तक्रार असलेल्या घरात हमखास एक गोष्ट आढळते: "गारवा बाहेर जाऊ नये" म्हणून दारंखिडक्या घट्ट बंद. कूलर गारवा साठवत नाही. तो बाहेरची कोरडी हवा ओढतो, तिला पाणी पाजतो आणि आत ढकलतो. ती ओली हवा दुसरीकडून बाहेर गेली नाही, तर तासाभरात खोलीत बाष्प दाटतं, घाम सुकेनासा होतो आणि पापड नरम पडतात. कूलरच्या समोरची खिडकी चार-सहा इंच उघडी ठेवा. त्या फटीजवळ उदबत्ती धरा; धूर बाहेर ओढला गेला तर जमलं. पाहुणे मात्र येता-जाता ती खिडकी लावत राहतील. त्यांना कितीही समजावा, उघड्या खिडकीनं गारवा टिकतो हे वाक्य मराठी माणसाच्या संस्कारात बसत नाही.

गंमत अशी की विज्ञान पूर्णपणे विदर्भाच्या बाजूनं आहे. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाणी उडून उडून हवा फार तर २३ अंशांपर्यंत उतरू शकते. बरा कूलर त्यातला पाऊण पल्ला गाठतो, म्हणजे वारा येतो २८ अंशांचा. सोळा अंशांची उतरण, एका पंख्याच्या आणि चिमुकल्या पंपाच्या विजेत! मुंबईत मेमध्ये ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असते. तिथे हाच कूलर जेमतेम चार अंश उतरवतो आणि वर खोलीची खाडी करतो. त्यामुळे मुंबईचे नातेवाईक "आमच्याकडे कूलर चालतच नाही" म्हणतात ते खरंच असतं. फक्त ते असं म्हणतात की जणू दोष आमच्या कूलरचा आहे.

आकड्यांचा आम्हाला अभिमानही आहे. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. हवामान खात्यानं तो सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं, तेव्हा शहराला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं ते थोडं वाईट.

आता बर्फ. कूलरच्या टाकीत बर्फाची लादी टाकणारा एक तरी काका प्रत्येक गल्लीत असतो. त्याच्यासाठी हिशेब: एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता घेतो, एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ५८० घेतं. दहा किलोची लादी वितळून, तिचं पाणी कोमट होईपर्यंत जेवढं काम करते, तेवढं कूलर पावणेदोन लिटर पाणी उडवून करतो. आणि चांगला कूलर कडक दुपारी तासाला दहा-पंधरा लिटर सहज उडवतो. म्हणजे लादीची सगळी करामत सात-दहा मिनिटांची. काकांना हे सांगू नये. त्यांचा आनंद लादी फोडण्यात असतो.

एसी आणि कूलर एकाच खोलीत लावणारेही भेटतात. एक यंत्र हवेत पाणी घालतं, दुसरं तेच पाणी उपसून नळीवाटे बाहेर टाकतं. मीटर तेवढा दोघांकडे कौतुकानं बघत जोरात फिरतो.

खरी मजुरी पाण्याची. तासाला बारा लिटर धरले तर आठ तासांत शंभराच्या आसपास, म्हणजे पंधरा लिटरच्या सहा-सात बादल्या. नळ रोज येत असेल तर टाकीत बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारी तरंगती झडप, बसवून मोकळं व्हा. जिथे नळ चार दिवसांनी येतो तिथे बादलीला पर्याय नाही, आणि रात्री दोनला टाकी कोरडी पडली की कोण उठणार, यावर घरातली खरी सत्ता कोणाकडे आहे ते कळतं. पाणी भरताना मात्र चेष्टा नको. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मगच बादली. लोखंडी पेटारा, पाण्यात बुडालेला पंप आणि ओले हात असा हा मामला आहे. कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात. तीन पिनांचाच प्लग, घराचं अर्थिंग तपासलेलं आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअर वीज गळताच पडणारा ब्रेकर (आरसीसीबी), एवढा खर्च डांबराआधी करावा.

बोअरचं पाणी असेल तर आणखी एक. उडतं ते पाणी, क्षार मागे राहतात. रोज वरून भर घालत राहिलं की टाकीतलं पाणी जड होत जातं, ताट्यांवर पांढरी खपली धरते आणि चौथ्या दिवशी वाऱ्याला मासळीबाजाराचा वास येतो. म्हणून तीन-चार दिवसांनी बूच काढून टाकी रिकामी करायची, तळ घासायचा. डेंग्यूच्या डासालाही हेच स्वच्छ, साचलेलं पाणी आवडतं आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. आळशी माणसाच्या कूलरमध्ये त्याचं बालपण फार सुखात जातं.

पंखा नुसता हुंकार देतो आणि फिरत नाही? मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कंडेन्सर गेलाय, नवीन बसवा. जाळीतून काडी घालून पातं ढकलून सुरू करण्याची कला घरोघरी आहे, पण त्यात मोटर जळते आणि कधी बोटही जातं. फिरताना खडखडाट होत असेल तर मोटरचा दांडा ज्यात फिरतो ते बुश झिजलंय. "चालते तोवर चालू द्या ना भाऊ," असं मेकॅनिक म्हणतो, कारण चार दिवसांनी त्यालाच बोलावणार हे त्याला ठाऊक असतं.

बाकी उपाय सगळ्यांना माहीत आहेत. पन्हं, ताक, सब्जा चालेल. खिशातला कांदा काही करत नाही, ताटातला निदान जेवणाला चव आणतो. गळून गेल्यासारखं वाटलं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. मीठ अंदाजे टाकू नका. पण अंग भट्टीसारखं तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलत असेल, तर तोंडात काही ओतू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. नेहमीच असंबद्ध बोलणाऱ्यांच्या बाबतीत ताप हाताला लागतोय का, तेवढं बघावं.

जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि कूलर एका रात्रीत निरुपयोगी होतो. हवाच ओली, तिला आणखी काय पाजणार? तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, टाकी त्याच दिवशी रिकामी करून पुसावी आणि गवत फेकून द्यावं. पंप धुऊन, वाळवून, पिशवीत घालून नीट ठेवावा. तो कुठे नीट ठेवला होता, यावर पुढच्या होळीला घरात सगळ्यांचं वेगवेगळं आणि ठाम मत असतं. मग दुकानात जाऊन नवा आणायचा.