३ कोटी शब्दांच्या मेसेजबद्दल खुलासा

"गरीब घरातली मुलं ४ वर्षांची होईपर्यंत ३ कोटी शब्द कमी शिकतात" असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय आणि तो वाचून काही आया उगाच स्वतःला दोष देतायत, म्हणून लिहितेय. "शिकतात" हे साफ चूक आहे. मूळ दावा ऐकण्याचा आहे आणि तोही एकूण शब्दांचा, म्हणजे "ये बाळा ये" मधले दोन्ही "ये" मोजायचे.

आकडा अमेरिकेतल्या कॅन्ससचा, बेटी हार्ट आणि टॉड रिझली यांच्या १९९५ च्या पुस्तकातून आलेला. कुटुंबं फक्त ४२, त्यात सरकारी मदतीवर जगणारी तर ६च! महिन्यातून एकदा तासभर संशोधक घरात रेकॉर्डर घेऊन बसायचे आणि त्या तासांवरून सगळ्या वर्षांचा हिशोब गुणून काढला. परका माणूस समोर बसलाय म्हटल्यावर सगळीच घरं नेहमीसारखी बोलतील असं मला तरी वाटत नाही.

२०१८ मध्ये स्पेरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्याच पाच समाजांत बघितलं, आईशिवाय घरातल्या इतरांचं आणि आजूबाजूचं बोलणंही धरलं, तर एवढी दरी दिसलीच नाही. यावर इतर संशोधकांनी हरकत घेतली की मुलाशी थेट केलेलं बोलणंच भाषेसाठी जास्त कामाचं, आणि तो मुद्दा मला पटतो, पण त्याने ३ कोटी हा आकडा पक्का होत नाही.

आणि त्याच मेसेजमधलं "रोज वाचून दाखवता का?" हे विचारून तर घरात खरंच किती वाचलं जातं ते नीट मोजता येत नाही, चांगलं दिसावं म्हणून हो म्हणणारे खूप असतात. कॅनडात मोनिक सेनेशाल यांनी त्यासाठी पालकांना बालपुस्तकांच्या नावांची यादी दिली आणि त्यात खोटी नावंही मिसळली, ओळखीची तेवढी खूण करा म्हणून. खोट्या नावांवरही खूण केली की नुसता अंदाज मारलाय हे कळतं.