हेच निमंत्रण समजून यावे

लग्नपत्रिकेच्या तळाशी एक ओळ असते. ‘घाईगडबडीत निमंत्रण द्यायचे राहून गेल्यास हेच निमंत्रण समजून यावे.’ ती ओळ वाचून कुणी लग्नाला गेल्याचं मी तरी आजवर पाहिलेलं नाही. गेल्या वर्षी आमच्या गटाने माणसं जमवायला जे काही केलं, ते नेमकं या ओळीच्या लायकीचं होतं.

आधी गट कसला ते सांगतो. साताऱ्यातले आम्ही पाच-सहा ‘स्टार ट्रेक’वेडे, म्हणजे अंतराळयानातून नवं शोधत फिरणाऱ्यांच्या त्या अमेरिकी मालिकेचे चाहते. माझ्या वयाच्या लोकांनी ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिली, रविवारी सकाळी, आंघोळ लांबवत, शेजारच्यांच्या टीव्हीसमोर मांडी ठोकून. पोरांनी मोबाइलवर पाहिली. वर्षानुवर्षं यानाचा कप्तान कर्क भारी की त्याचा साथीदार स्पॉक यावर चहा रिचवून झाल्यावर एका संध्याकाळी आमच्यातलाच एक जण वैतागला. म्हणाला, अरे, ती माणसं नवं शोधायला निघालीत आणि आपण साठ वर्षांपूर्वीचे भाग चघळत बसलोय.

तेव्हापासून गच्चीवर खरी कामं सुरू झाली. पहिलं काम अँटेनाचं. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन दांड्या, प्रत्येकी साधारण ५३ सेंटिमीटर, १२० अंशांच्या कोनात बांधायच्या आणि बोटाएवढा यूएसबी रेडिओ लावून लॅपटॉपला जोडायच्या. रशियाचा मेटिओर उपग्रह डोक्यावरून जाताना १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ढगांचं चित्र खाली सोडत असतो. ते ओळीओळीने पडद्यावर उतरतं. पहिल्यांदा गुजरातचा किनारा ओळखू आला तेव्हा आम्ही एवढा आरडाओरडा केला की खालच्या मजल्यावरचे काका विचारायला आले, भारत जिंकला का?

दुसरं काम रूपविकारी ताऱ्यांचं, म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होतं अशा ताऱ्यांचं. याला दुर्बीणसुद्धा लागत नाही, आणि हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘आमच्याकडे दुर्बीण नाही हो’ हे मी आता शंभरदा ऐकलंय. २०१९ च्या अखेरीस मृगातला काक्षी मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याची प्रत, म्हणजे तेजाचं माप, १.६ पर्यंत उतरली (आकडा जितका मोठा तितका तारा मंद). स्फोट होणार की काय अशी जगभर चर्चा. पुढे कळलं की ताऱ्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ आड आली होती. ते मंदावणं नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. रोहिणी ताऱ्याशी ताडून पाहायचं, प्रश्वा ताऱ्याशी ताडून पाहायचं, मधली प्रत ठरवून वेळेसह लिहून ठेवायची. अमेरिकेतली निरीक्षकांची एक संघटना १९११ पासून अशा हौशी नोंदी गोळा करते आणि व्यावसायिक शास्त्रज्ञ त्या वापरतात.

तर, माणसं कमी पडायला लागली. आम्ही झकास पोस्टर केलं. मालिकेतलं एंटरप्राइझ यान, मागे आकाशगंगा, खाली ‘सर्वांचे स्वागत’ आणि भरायला फॉर्म. लाइक दोनशेच्या वर. फॉर्म चौसष्ट. ठरलेल्या शनिवारी आले नऊ. नऊच्या नऊ पुरुष, त्यातले आठ इंजिनिअर, आणि सहा तर आमच्या ओळखीचेच.

नववा गडी पायात बूट, हातात काठी आणि पाठीला सॅक लावून आला होता. चूक त्याची नाही. साताऱ्यात ट्रेक म्हटलं की वासोटा, नाहीतर सज्जनगड. त्याला वाटलं ‘स्टार ट्रेक’ म्हणजे चांदण्यातला ट्रेक. निघायचं किती वाजता, एवढंच विचारत होता. त्याला बसवून सगळं समजावलं, तर म्हणाला, ‘आलोच आहे तर चहा घेऊन जातो.’ आता तो आमचा सगळ्यात पक्का सभासद आहे. कासच्या वाटेवर कुठे वळलं की शहराचा उजेड डोंगराआड जातो, कुठे गाडी लावली तर कुणी हटकत नाही, हे आम्हाला किंवा त्या आठही इंजिनिअरांना ठाऊक नव्हतं.

या फजितीनंतर मी निशेल निकोल्सची गोष्ट पुन्हा नीट वाचली. ही नटी म्हणजे मालिकेतली लेफ्टनंट उहुरा, यानाचा सगळा संपर्क सांभाळणारी. नासाने जुलै १९७६ मध्ये स्पेस शटल या अवकाशयानासाठी अंतराळवीरांचे अर्ज मागवले. बायका, कृष्णवर्णीय, सगळ्यांनी अर्ज करा असं स्वच्छ सांगितलं होतं. तरी ते अर्ज फारसे येईनात. येतील कसे? त्याआधीचे सगळे अमेरिकी अंतराळवीर पुरुष, आणि अवकाशात गेलेला एकही जण कृष्णवर्णीय नाही. ‘सर्वांसाठी खुले’ म्हणणाऱ्या दाराच्या आत तोवर जे चेहरे दिसले, त्यांच्यावरूनच लोक दाराचा अर्थ लावतात. १९७७ मध्ये नासाने अर्जदार जमवण्यासाठी निकोल्सबाईंशी करार केला. मुदत ३० जूनपर्यंत, म्हणजे हातात काही महिनेच. त्या विद्यापीठं, शाळा, संस्था पालथ्या घालत फिरल्या, टीव्हीवर बोलल्या. अर्ज आले आठ हजारांवर. जानेवारी १९७८ मध्ये ३५ जण निवडले गेले. त्यांत सहा स्त्रिया, तीन कृष्णवर्णीय पुरुष आणि जपानी वंशाचे एलिसन ओनिझुका.

सगळं श्रेय बाईंच्या पदरात टाकणं बरोबर नाही. त्या सहा स्त्रियांतल्या सॅली राइडने जाहिरात वाचली ती स्टॅनफर्डच्या विद्यार्थी वृत्तपत्रात. पण पडद्यावरच्या उहुराने पेरलेलं पुढेही उगवत राहिलं. लहानपणी ही मालिका पाहणारी मे जेमिसन सप्टेंबर १९९२ मध्ये अवकाशात गेली, तिथे गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. ड्यूटी सुरू करताना ती उहुराचंच वाक्य म्हणायची, संपर्काच्या वाहिन्या खुल्या आहेत म्हणून.

याउलट चाहत्यांचा जो सगळ्यात गाजलेला विजय, त्याचं मला थोडं हसूच येतं. पहिल्या शटलचं नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठरलं होतं. चाहत्यांनी पत्रांचा असा पाऊस पाडला की सप्टेंबर १९७६ मध्ये ते ‘एंटरप्राइझ’ म्हणून हँगरबाहेर आलं आणि मालिकेतली नटमंडळी शेजारी उभी राहिली. आता गंमत बघा. ते शटल फक्त हवेतल्या चाचण्यांसाठी होतं. अवकाशात ते कधी गेलंच नाही! नावापुरतं वेड केलं की नावापुरतंच यान मिळतं, असं मी गटात म्हणालो तर दोघं अजून रुसलेत. हे दोघं म्हणजे हुद्दे आणि टी-शर्टवाले. अमेरिकेत १९७४ पासून चाहत्यांची ‘स्टारफ्लीट’ चालते, तिच्या शाखांना यानांची नावं असतात, सभासदांना हुद्दे मिळतात. तसं आपल्याकडेही करू, म्हणजे पोरं येतील, असं त्यांचं म्हणणं. येतीलही. पण सहा माणसांत दोन अ‍ॅडमिरल झाले तर अँटेना कोण धरणार?

मला आवडते ती हॅनी फान आर्केलची गोष्ट. नेदरलँड्समधली शाळेतली शिक्षिका. खगोलशास्त्राशी तिचा संबंध शून्य, ती ‘क्वीन’ बँडची चाहती. त्यांचा गिटारवादक ब्रायन मे खगोलभौतिकीतला डॉक्टरेट. त्याच्या लिखाणातून तिला ‘गॅलेक्सी झू’ कळलं, दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या दूरच्या तारकासमूहांचे, फोटो पाहून प्रकार ठरवण्याचं काम. ऑगस्ट २००७ मध्ये एका दीर्घिकेखाली तिला एक विचित्र डाग दिसला आणि तिने सरळ विचारलं, हे काय आहे? कुणालाच सांगता येईना. पुढे हबल दुर्बिणीनेही तो पाहिला. आज त्या प्रचंड वायुमेघाला ‘हॅनीज फोरवेर्प’ म्हणतात. डच भाषेत फोरवेर्प म्हणजे वस्तू. थोडक्यात, हॅनीची वस्तू.

मग आम्हीही पोस्टर बंद केलं आणि दारोदार जायला लागलो. आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एक वहिनी आहेत. माझ्या बायकोने त्यांना घरी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘पोस्टर बघितलं होतं की, पण म्हटलं शिकलेल्या पोरांचं असेल.’ गच्चीवर आल्या, काक्षी आणि रोहिणी दाखवली. मिनिटभर बघून म्हणाल्या, ‘भावजी, हे अस्तराचं मॅचिंग लावण्यासारखंच आहे.’ वीस वर्षं मॅचिंग सेंटरमध्ये धाग्यांच्या छटा पारखलेले डोळे ते. माझ्या आणि इंजिनिअरांच्या नोंदी एकमेकांशी जुळत नव्हत्या. वहिनींच्या तीन महिन्यांच्या नोंदी मात्र जगभरच्या नोंदींशी ताडल्या तेव्हा सरळ रेषेत बसल्या.

एक तक्रार करून घेतो. सभासद मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे प्रमाणपत्र, असं बरेच जण सुचवतात. ‘अमुक विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला’ अशा बातम्या तुम्हीही वाचता. उपक्रम चांगला आहे, पोरं खऱ्या दुर्बिणीचे फोटो तपासतात. पण ते प्रमाणपत्र बहुधा प्राथमिक नोंदीचं असतं. कक्षा पक्की होऊन त्या लघुग्रहाला क्रमांक मिळायला कित्येक वर्षं जातात. हे पोरांना आधी सांगायला हवं. फोटो छापून आल्यावर ग्रुप सोडणारी तीन पोरं आम्ही पाहिलीत.

आता मुद्द्याचं. आम्हाला माणसं हवीत. ‘स्टार ट्रेक’चा एकही भाग पाहिलेला नसला तरी चालेल. टेलिफोनच्या खांबावर चढलेले निवृत्त लाइनमन हवेत, कारण आमची दांडी दर वळवाच्या पावसात वाकडी होते. पहाटे चारला तसेही उठणारे दूधवाले हवेत. अक्षर चांगलं असलेलं कुणीतरी हवंय, नोंदवहीची अवस्था बघवत नाही. कॉलेजच्या मुलींना घरून परवानगी मिळत नसेल तर आईला घेऊन या, वहिनी स्वतः तुमच्या घरी येऊन बोलतील.

ही पोस्ट वाचणाऱ्याने आणखी एक करायचं. शेअर नका करू. ओळखीतला एक माणूस आठवा, ज्याला हे आपल्यासाठी नाही असं नक्की वाटेल, आणि त्याला तोंडाने सांगा. शनिवारी संध्याकाळी सातला, आमच्याच गच्चीवर. ढग असले तर उपग्रहाचं चित्र घेऊ. चहा आमच्याकडे, सतरंजी ज्याची त्याने आणावी. जिन्यातला दिवा गेलाय, तेवढा मोबाइल लावून वर या.