नावावर कोटी म्हणजे टिंगल का? ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बेसबॉल खेळाडूंच्या नावांवरच्या कोट्यांबद्दल मी जे लिहिलं त्यावर तुमचं म्हणणं असं, की माणसाच्या नावावर हसणं हा सगळ्यात स्वस्त विनोद, तुमच्या मुलाला शाळेत आडनावावरून वर्षभर चिडवलं, तो डबा न खाता घरी यायचा, आणि म्हणून तायवानच्या चिन-लुंग हू या खेळाडूच्या नावावरची कोटी तुम्हाला टोचली. डब्याचं वाचून फार वाईट वाटलं. पण कोटी आणि चिडवणं एकाच तागडीत तोलायला मी तयार नाही, का ते सांगतो.

२०१३ च्या उन्हाळ्यात मी न्यू जर्सीला बहिणीकडे होतो, तोपर्यंत बेसबॉल मला काडीचं कळत नव्हतं. टीव्हीवर अमेरिकेतल्या ओकलंडच्या टीमची मॅच लागलेली आणि भाचा समजावत होता की पिचरने टाकलेला चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेरून गेला आणि बॅटरने बॅट फिरवली नाही तर तो 'बॉल', असे चार झाले की बॅटर फुकटात चालत पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर. म्हणजे चौथा बॉल पडला की पिचरची नाचक्कीच. तेवढ्यात नवा पिचर आला, पाठीवर आडनाव बॅलफोर. भाचा म्हणाला, मामा, याचं पहिलं नाव ग्रँट, आता दोन्ही सलग म्हण बरं. ग्रँट बॅलफोर... ग्रँट बॉल फोर! चौथा बॉल बहाल करा! आणि हा सिडनीचा गडी त्याच वर्षी ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या टीममध्ये होता. तो नियम मी त्या क्षणी शिकलो तो आजतागायत विसरलेलो नाही. यात त्या माणसाला कमीपणा कुठे आला? नाव एक सांगतंय आणि त्याचा हात दुसरंच करून दाखवतोय, गंमत तिथे आहे.

होमर बेलीचंही तेच, हाही पिचर; होमर म्हणजे होमरन, क्रिकेटच्या षटकारासारखा फटका, पिचरला नको असलेली गोष्ट, आणि याने २०१२ आणि २०१३ असं लागोपाठ दोन वर्षं एकेका अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं, मिळू दिली नाही.

पण माझा सगळ्यात लाडका पिचर अर्ली विन. ऐकायला अगदी 'लवकरचा विजय'. बेसबॉलमध्ये टीम जिंकली की तो विजय एका पिचरच्या नावावर लागतो; सप्टेंबर १९६२ मध्ये याचे असे २९९ विजय झाले आणि तीनशेवा काही केल्या येईना. त्या सीझनमध्ये पुन्हा पुन्हा प्रयत्न करून हरला, शिकागोच्या टीमने सोडलं, मग क्लीव्हलँडने घेतलं, आणि जुलै १९६३ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, पाच इनिंग टाकून एकदाचा तीनशेवा मिळाला. त्यानंतर एकही नाही. बरोब्बर तीनशे. हे माहीत असलं की त्या नावावर हसताना घशात काहीतरी दाटतं, निदान माझ्या तरी.

म्हणून मी फरक असा करतो, की कोटी कळायला त्या माणसाचं काम माहीत असावं लागतं, चिडवायला फक्त आडनाव पुरतं. तुमच्या मुलाला चिडवणाऱ्यांना त्याच्याबद्दल काय माहीत होतं? काहीच नाही.

आता चिन-लुंग हू. इथे तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकलो. ॲबट आणि कॉस्टेलो या जोडीचं ते जुनं प्रहसन, १९३८ साली रेडिओवर गाजलेलं, त्यात पहिल्या बेसवरच्या खेळाडूचं नावच 'हू', म्हणजे इंग्रजीत 'कोण'. "पहिल्यावर कोण?" "हो, कोणच." "अहो नाव विचारतोय!" "तेच तर सांगतोय, कोण!" मग २००७ साली लॉस एंजेलिसच्या डॉजर्स टीमकडून खरोखरचा हू पहिल्या बेसवर पोचला आणि कॉमेंटेटर विन स्कलींनी 'हू पहिल्या बेसवर' हे वाक्य अखेर म्हटलं. अमेरिकेतल्या लोकांनी सत्तर वर्षं जपलेली गंमत होती ती, हू यांच्या भाषेवरची टिंगल नव्हती. पण मी तेवढंच लिहून पुढे गेलो, माणूस राहिलाच. हा शॉर्टस्टॉप, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती अवघड जागा सांभाळणारा, त्याच २००७ साली उगवत्या खेळाडूंच्या फ्युचर्स गेममध्ये सर्वोत्तम ठरला होता, पुढे तायवानला परतून तिथल्या लीगमध्ये कितीतरी वर्षं खेळला. आणि तिकडे आडनाव आधी घेतात, त्याच्या घरी तो हू चिन-लुंग.

आज रात्रीच तो परिच्छेद बदलतोय. आधी त्याचा खेळ, मग स्कलींचं वाक्य.