डिस्ट्रिब्युटर काढू नका, असे सांगणाऱ्यांना उत्तर

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि या छंदात नव्याने आलेला माणूस तो प्रमाण मानून चालतो. त्याचा आशय थोडक्यात असा : डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला त्याच्या वेळी ठिणगी वाटणारा यांत्रिक भाग) काढून प्रोग्रामेबल इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणे हा निव्वळ वायफळ खर्च आहे, इंजिन बनवणाऱ्यांनी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पूर्ण विचारानेच ठरवले होते, त्यात सुधारणेला जागा नाही, ठिणगी जोरदार झाल्याने ताकद वाढत नाही, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे आणि तोडणारे संपर्क) बिघडले तर रस्त्याच्या कडेला दुरुस्त होतात, इलेक्ट्रॉनिक्स बिघडले तर गाडी टोचन लावूनच आणावी लागते, आणि डिस्ट्रिब्युटर गेला की गाडीचे अस्सलपणही गेले. यातले एकेक विधान वेगळे काढून तपासले पाहिजे, कारण त्यातली काही अर्धी खरी आहेत, आणि अर्ध्या खऱ्या विधानांवर उभा केलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

सुरुवात टायमिंगपासून करू, कारण सगळ्या वादाचे मूळ तिथे आहे. ठिणगी पडल्याबरोबर सिलिंडरमधले मिश्रण एकदम पेटत नाही. ज्वाला पसरायला वेळ लागतो, आणि पिस्टन वरच्या टोकावरून साधारण 12 ते 15 अंश पुढे गेल्यावर दाब कमाल व्हावा यासाठी ठिणगी आधीच पाडावी लागते. किती आधी, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. इंजिनाचा वेग वाढला की त्याच वेळात क्रँकशाफ्ट जास्त अंश फिरतो, म्हणून ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी आधी पाडण्याचा कोन, वाढवावा लागतो. आणि ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असला की सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरते, ते सावकाश जळते, म्हणूनही ॲडव्हान्स वाढवावा लागतो. जुन्या दोन व्हॉल्व्हच्या इंजिनाला मिनिटाला 2,500 फेऱ्यांवर हलक्या लोडमध्ये, म्हणजे इंजिनावर ताण कमी असताना, 35 ते 40 अंश मानवतात, पण त्याच फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर 25 अंशांच्या आसपास थांबावे लागते, नाहीतर इंजिन नॉक करू लागते, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून आत ठोके बसू लागतात.

डिस्ट्रिब्युटर हे काम दोन यांत्रिक युक्त्यांनी करतो. वेगासाठी फिरत्या वजनांना धरून ठेवणाऱ्या दोन स्प्रिंगा असतात आणि लोडसाठी व्हॅक्यूमवर चालणारा एक पडदा असतो. ही रचना अत्यंत हुशारीची आहे आणि ती ज्यांनी उभी केली त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु तिची मर्यादा तिच्या बांधणीतच आहे. दोन स्प्रिंगांमधून निघणारा आलेख म्हणजे साधारणपणे एकमेकींना जोडलेल्या दोन सरळ रेषा असतात, आणि वेग वाढत असताना बाहेर फेकली गेलेली वजने परत आत येऊ शकत नाहीत. इंजिनाची गरज मात्र तशी सरळ नसते. ज्या फेऱ्यांवर टॉर्क सर्वाधिक असतो तिथे सिलिंडर सर्वांत चांगला भरतो आणि मिश्रण लवकर जळते, म्हणून तिथे ॲडव्हान्स थोडा रोखून धरावा किंवा कमी करावा आणि त्यापुढे पुन्हा वाढवावा, अशी गरज पडू शकते. वजने आणि स्प्रिंगा असा उतार घेऊ शकत नाहीत. म्हणजे अभियंत्यांनी ठरवलेले टायमिंग ही इंजिनाची खरी गरज नव्हती. मोठ्या संख्येने बनवता येईल अशा स्प्रिंगेतून त्या गरजेच्या जितके जवळ जाता आले तितके ते गेले. प्रोग्रामेबल इग्निशनमध्ये एका बाजूला फेऱ्या आणि दुसऱ्या बाजूला लोड असा तक्ता असतो, प्रत्येक चौकटीत हवा तो कोन भरता येतो आणि दोन चौकटींमधला कोन यंत्रणा स्वतः काढते. त्या अभियंत्यांच्या हाती हे असते तर त्यांनी तेच वापरले असते, आणि पुढे संधी मिळताच त्यांच्या वारसांनी ते वापरलेही.

शिवाय ज्या पेट्रोलसाठी ते आलेख आखले गेले ते पेट्रोल आता राहिलेले नाही. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री जगात सर्वांत शेवटी 2021 मध्ये अल्जीरियात थांबली. आजच्या पेट्रोलमध्ये अनेक ठिकाणी इथेनॉल असते, आणि इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागत असल्याने कार्ब्युरेटरचे जेट जुनेच ठेवले तर मिश्रण पातळ होते. इंधन बदलले, मिश्रण बदलले, आणि स्प्रिंगा मात्र जुन्या हिशेबानेच ताणल्या जात आहेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वाद घालणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असतो तो कारखान्यातून नवा निघालेला डिस्ट्रिब्युटर, आणि गाडीत असतो तो पन्नास वर्षे फिरलेला. बॉनेट उघडून टायमिंग लाइट (प्रत्येक ठिणगीबरोबर लकाकणारा दिवा) पुलीवरच्या खुणेवर धरा. धड असलेल्या डिस्ट्रिब्युटरवर खूण जागच्या जागी गोठल्यासारखी दिसते. झिजलेल्या डिस्ट्रिब्युटरवर तीच खूण पुढेमागे थरथरत राहते, कारण शाफ्टचे बुश ढिले झालेले असतात, शाफ्ट किंचित लडबडतो आणि प्रत्येक सिलिंडरला पॉइंट थोड्या वेगळ्या क्षणी उघडतात. हळूहळू ॲक्सिलरेटर वाढवला की खूण एकसारखी सरकण्याऐवजी झटक्याने उडी मारते, म्हणजे वजनांच्या पिना अडकत आहेत. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून पाहिली आणि हवा सरळ आत आली, तर पडदा फाटलेला आहे, आणि हलक्या लोडवरचा सगळा जादा ॲडव्हान्स कधीच नाहीसा झालेला आहे. अशा गाडीचा मालक कारखान्याच्या टायमिंगचा हवाला देतो तेव्हा ते टायमिंग त्याच्या गाडीत उरलेलेच नसते. क्रँकशाफ्टवर बसवलेली 36 दात्यांची, एक दात काढून टाकलेली चकती आणि तिच्यासमोर जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर बसवलेला सेन्सर यांना ही झीज शिवत नाही. टायमिंग चेन आणि डिस्ट्रिब्युटरच्या गिअरमधला खेळ वाटेतून निघून जातो आणि कोन थेट क्रँकशाफ्टवरून मोजला जातो.

ठिणगी जोरदार केल्याने ताकद वाढत नाही, हे विधान तेवढ्यापुरते बरोबर आहे, आणि याच्या उलट सांगून माल विकणाऱ्यांना पाठीशी घालण्याचे कारण नाही. प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जेवढा विद्युतदाब लागतो तेवढ्यापर्यंतच कॉइलचा, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणाऱ्या वेटोळ्याचा, व्होल्टेज चढतो. 40,000 व्होल्टची कॉइल बसवली तरी फटीला 12,000 पुरत असतील तर उरलेली क्षमता वापरलीच जात नाही. डिस्ट्रिब्युटर उत्तम स्थितीत असेल तर पूर्ण ॲक्सिलरेटरवरच्या कमाल ताकदीत फारसा फरक पडणार नाही, हेही मी मान्य करतो. पण यावरून हा बदल निरर्थक ठरत नाही. रस्त्यावरची गाडी आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ अर्ध्याहून कमी ॲक्सिलरेटरवर काढते. पिकअपमधला अडखळ, चढावर खालच्या फेऱ्यांवर इंजिन दाबून ओढते का, गार इंजिन पहिल्या सेल्फला घेते का, स्थिर वेगाने जाताना पेट्रोल किती लागते, हे सगळे तिथेच ठरते आणि अचूक टायमिंगचा फायदाही तिथेच मिळतो. इंजिन आयडलला असताना फेऱ्या घसरू लागल्या तर प्रोग्रामेबल यंत्रणा दोनतीन अंश ॲडव्हान्स वाढवून त्या सावरते. हे डिस्ट्रिब्युटरकडून होण्यासारखे नाही.

कॉइल भरण्याचाही प्रश्न आहे. पॉइंट किती वेळ मिटलेले राहणार हे कोनात ठरलेले असते, म्हणून वेग वाढला की कॉइलला भरायला मिळणारा वेळ घटत जातो. 8 सिलिंडरचे इंजिन 6,000 फेऱ्यांवर सेकंदाला 400 ठिणग्या मागते, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये अडीच मिलिसेकंद, आणि त्यातले सुमारे दोनतृतीयांशच पॉइंट मिटलेले असतात. विद्युतप्रवाह वाढवून ही तूट भरावी तर चारपाच अँपिअरच्या पुढे पॉइंट जळू लागतात. उलट आयडलला तेच पॉइंट गरजेहून फार जास्त वेळ मिटलेले राहतात आणि कॉइल विनाकारण तापवतात. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा कॉइल भरण्याचा काळ मिलिसेकंदांत मोजते, बॅटरीचा व्होल्टेज पडला तर तो वाढवते, आणि 4 सिलिंडरच्या गाडीत दोन कॉइलांवर काम वाटून दिले की 6,000 फेऱ्यांवरही प्रत्येक कॉइलला 10 मिलिसेकंद मिळतात.

रस्त्याच्या कडेला दुरुस्तीचा मुद्दा सर्वांत जास्त पटतो, कारण तो अनुभवाचा वाटतो. स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज आणि पॉलिश पेपरचा तुकडा एवढ्यावर पॉइंट घासून, 0.4 मिलिमीटरची फट लावून गाडी पुन्हा चालू होते, हे निर्विवाद आहे. प्रश्न असा आहे की ही वेळ मुळात का येते. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, फट कमी होते आणि टायमिंग मागे पडते. प्रवाह तुटताना एका पृष्ठभागावरचा धातू दुसऱ्यावर जाऊन एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे टेंगूळ तयार होते. म्हणूनच काही हजार किलोमीटरला ते तपासावे लागतात. जो भाग रस्त्यात सहज दुरुस्त होतो तो रस्त्यात वारंवार बिघडणाराही आहे, ही बाजू त्या मजकुरात येत नाही. शिवाय कंडेन्सर (पॉइंटवरच्या ठिणग्या आवरणारा भाग) गेला, रोटर (ठिणगी वाटणारा फिरता हात) आतून फुटला किंवा कॅपला (डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला) बारीक तडा गेला तर घासून काहीच होत नाही; डिकीत सुटा भाग असेल तरच गाडी पुढे जाते. तोच नियम इलेक्ट्रॉनिक्सला लावा. सुटा क्रँक सेन्सर आणि सुटी कॉइल मिळून हाताच्या पंजात मावतात आणि साध्या पान्याने बदलता येतात. काही यंत्रणांत तर बिघाडातही सोय ठेवलेली असते : फोर्डच्या ईडीआयएस या डिस्ट्रिब्युटरविना चालणाऱ्या इग्निशन यंत्रणेला नियंत्रक पेटीचा संदेश मिळेनासा झाला तर ती 10 अंशांवर स्थिर टायमिंग देत राहते आणि गाडी रडतखडत का होईना घरी पोहोचते.

क्रायस्लरने 1973 मध्ये अमेरिकेतल्या आपल्या सर्व मोटारींवर पॉइंटविना इग्निशन दिले आणि काही वर्षांत बाकीचे उत्पादकही त्याच वाटेने गेले. पॉइंटचे टायमिंग आणि ठिणगी दीर्घकाळ टिकत नव्हती, आणि धुराचे नियम पाळायचे तर ती टिकणे भाग होते.

मग जुन्या गाडीत बसवलेले इलेक्ट्रॉनिक्स दगा देते अशा तक्रारी खोट्या आहेत का? नाहीत. त्या बहुतेक वेळा वायरिंगच्या असतात. पिळून टेप गुंडाळलेला जोड, रंगावर घट्ट केलेला अर्थ (बॉडीला जोडलेली बॅटरीची तार), एक्झॉस्टजवळ ठोकलेली पेटी आणि तांब्याच्या तारेचे प्लगलीड ही नेहमीची कारणे. तांब्याच्या लीडमधून उठणारा विद्युत गोंगाट सेन्सरच्या संदेशात मिसळतो आणि इंजिन मिसिंग मारू लागते. तिथे रोध असलेल्याच लीड लागतात. सेल्फ मारताना व्होल्टेज किती खाली जातो हे मीटर लावून पाहिले पाहिजे. गाडीचा अर्थ पॉझिटिव्ह असेल, जसा अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत असतो, तर बहुतेक यंत्रणांसाठी आधी तो निगेटिव्ह करून घ्यावा लागतो. ही कामे टाळून पेटीला दोष देणे योग्य नाही.

अस्सलपणाविषयी थोडक्यात. सिट्रोएन 2सीव्ही ही गाडी 1948 मध्ये लोकांपुढे आली तेव्हापासून डिस्ट्रिब्युटरविना धावली. तिच्यात एकच कॉइल दोन्ही प्लगना एकाच वेळी ठिणगी देत असे. तिला कोणी कमी अस्सल म्हणत नाही. ज्यांना बॉनेटखालचे दृश्य बदलायचे नाही त्यांच्यासाठी जुन्या डिस्ट्रिब्युटरच्याच आकारात बसणारी प्रोग्रामेबल यंत्रणा मिळते. तिच्यात कॅप आणि रोटर राहतात आणि शाफ्टच्या गिअरमधला खेळही राहतो, पण आलेख हवा तसा भरता येतो. क्रँकवरचा सेन्सरही बहुतेक इंजिनांवर ब्रॅकेटने, कुठेही भोक न पाडता बसवता येतो आणि मूळ डिस्ट्रिब्युटर तेल लावून जपून ठेवता येतो. मात्र शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकसारख्या इंजिनांत डिस्ट्रिब्युटरचा शाफ्टच ऑइल पंप फिरवतो. तिथे शाफ्ट जागेवर ठेवूनच बदल करावा लागतो, नाहीतर इंजिन तेलाविना जाईल. जी गाडी कारखान्यातून निघाल्यापासून अजिबात न उघडता टिकली आहे, किंवा जी मूळ स्थितीच्या परीक्षणासाठीच राखली आहे, तिला हात लावू नये, हे मलाही मान्य आहे. पण तो त्या मोजक्या गाड्यांपुरता नियम आहे.

खेदाची गोष्ट अशी की, या बदलातला जो खरा धोका आहे त्याचा त्या मजकुरात उल्लेखही नाही. डिस्ट्रिब्युटर चुकला तरी ठरावीक मर्यादेतच चुकतो. तक्त्यात मात्र कुणीही पूर्ण लोडवर 40 अंश लिहू शकतो आणि यंत्रणा ते निमूटपणे पाळते. जुन्या इंजिनांना नॉक ओळखणारा सेन्सर नसतो, वरच्या फेऱ्यांवर नॉकिंगचा आवाज वाऱ्यात आणि एक्झॉस्टमध्ये बुडून जातो, आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडल्यावरच चूक कळते. म्हणून काम क्रमाने करावे. पुलीवरची खूण खरी आहे का, हे आधी प्लगच्या भोकातून पिस्टनला अटकाव लावून तपासावे, कारण रबर असलेल्या पुलीची बाहेरची कडी जुनी झाली की सरकते आणि मग प्रत्येक मोजमाप तेवढ्या अंशांनी चुकते. त्यानंतर कारखान्याचा मूळ आलेख जसाच्या तसा तक्त्यात भरून गाडी काही दिवस चालवावी. हलक्या लोडच्या चौकटी दोनदोन अंशांनी वाढवून पाहाव्यात, आणि पूर्ण लोडच्या चौकटींना रोलिंग रोडवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या रोलरवर), टॉर्कचा आकडा समोर ठेवूनच हात लावावा. दोन अंश वाढवूनही टॉर्क वाढला नाही तर ते दोन अंश परत काढून घ्यावेत.