बोगदा आधी, कालवा मग

काल कट्ट्यावर खरं तर आमच्या आवर्तनाचा विषय चालला होता. बंड्याने मध्येच मोबाइलवर एक फोटो दाखवला: तपकिरी माळावर हिरव्या चकत्याच चकत्या. "ही नवाहो लोकांची शेती. अमेरिकेतली मूळनिवासी जमात; शेती न्यू मेक्सिको राज्यात."

अप्पा पाटबंधारे खात्यातले निवृत्त. त्यांना एवढं पुरलं.

"चकती म्हणजे सेंटर पिव्हट. मधल्या खांबाभोवती चाकांवरचा पाइप फिरतो. मूळ आराखडा सरीतून पाणी देण्याचा होता, नंतर तुषार सिंचन ठरलं. पाणी वाचलं, पण दाबासाठी पंप आले, पंपांना वीज आली."

"वीज धरणाचीच असेल की."

"नवाहो धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे, पण ते फार्मिंग्टन शहराचं."

"बघा!" वकील सरसावले. "1962 चा कायदा एकच, योजना दोन. नवाहो सिंचनाला सॅन हुआन नदीचं वर्षाला 5,08,000 एकर-फूट पाणी, 1,10,630 एकरांसाठी. आणि त्याच नदीच्या वरच्या उपनद्यांचं 1,10,000 एकर-फूट बोगद्यांतून रिओ ग्रांदे खोऱ्यात, अल्बुकर्कीकडे." (अप्पांनी हिशोब केलाच: 22 टीएमसी आणि पावणेपाच. सवय!) "बोगद्यातून 1971 ला पाणी वाहिलं. नवाहोंच्या पहिल्या शेताला 1976 उजाडलं, आणि योजनेच्या अकरा ब्लॉकांपैकी (टप्प्यांपैकी) काही अजून पुरे व्हायचेत."

"आपलं निळवंडे धरण, त्याचे कालवे..."

"निळवंडे मध्ये आणू नको," वकील म्हणाले. "तिथे नवाहोंचा सरकारशी 1868 चा करार आहे. जमातीच्या राखीव जमिनीबरोबर पाण्याचा हक्कही राखलेला असतो, हे 1908 पासून कोर्टानेच मानलंय. तरी 2023 मध्ये सुप्रीम कोर्ट 5 विरुद्ध 4 मतांनी म्हणालं, पाणी मिळवून देण्यासाठी सरकारने स्वतःहून पावलं उचलावीत असं करारात नाही. हक्क कागदावर, आणि साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत नळच नाही."

दत्तू इतका वेळ गप्प होता. "सातबारा कुणाच्या नावावर?"

अप्पा जरा अडखळले. आधी कुटुंबागणिक शेत द्यायचा विचार होता; मग 1970 मध्ये जमातीचीच एक कंपनी निघाली आणि सगळी शेती तिच्याकडे गेली. बटाटा, मका, लसूणघास, गहू.

"म्हणजे शेतकरी करतो म्हणाले आणि सालगडी केलं."

"अरे, पिव्हट एका घराला परवडतो का? नफा-तोटा जमातीचाच आहे!"

मला दत्तूचं निम्मंच पटलं. पिव्हटचा खर्च खराच आहे. पण आराखडा बदलताना शेत नको, नोकरी चालेल का, हे घराघरांत कितपत विचारलं असेल याची मला शंका आहे.

अप्पांनी मग हुकमाचं पान टाकलं. "2015 मध्ये कोलोरॅडोतल्या गोल्ड किंग खाणीचं घाण पाणी सुटलं. खाली नदी पिवळी झाली, नवाहोंच्याच शिपरॉक गावच्या शेतकऱ्यांना पाट बंद करावे लागले. कंपनीचं पाणी थेट धरणातून येतं, म्हणून तिची पिकं तरली. धरणाचा फायदा हा!"

"म्हणजे मोठ्याचं तरलं, लहानाचं वाळलं."

"मग लहानांनाही धरणाचं पाणी द्या म्हण की. धरण नको कशाला म्हणतोस?"

"नको असं कधी म्हणालो मी?"