‘फोम आहे, तरंगणारच’ : जुन्या सर्फबोर्डच्या त्या फॉरवर्डला उत्तर

भाच्याने काल एक मेसेज पुढे ढकलला. खाली एका जुन्या सर्फबोर्डचे, म्हणजे लाटांवर उभं राहून घसरायच्या फळीचे, चार फोटो आणि प्रश्न, "घेऊन टाकू का?" मेसेज तुमच्याकडेही आला असेल : ‘नवशिक्यांनो, जुना सर्फबोर्ड घेताना फसू नका, फक्त या ५ गोष्टी बघा.’ पाचही गोष्टी छातीठोकपणे सांगितल्यात. एक, बोर्ड आपल्या उंचीपेक्षा फूटभर लांब असला की झालं. दोन, पिवळा बोर्ड म्हणजे मेलेला बोर्ड, पांढराच घ्या. तीन, भेगांना घाबरू नका, आत फोम आहे, तो तरंगणारच. भेगेत सुपरग्लू भरा आणि पाणी गेलं असेल तर बोर्ड दोन दिवस कडक उन्हात ठेवा. चार, सॉफ्टटॉप (वरून मऊ असलेला बोर्ड) हे पोरांचं खेळणं, पहिल्या दिवसापासून खरा फायबरग्लासचा बोर्ड हवा. पाच, लीश (पाय आणि बोर्ड जोडणारा दोर) आणि फिन (तळाचे पंख) सोबत फुकट मिळतात, त्यावर वेगळा खर्च कशाला?

क्रम मोडून तिसऱ्यापासून सुरू करते, कारण फोटोतल्या त्या बोर्डच्या शेपटाकडे बोटभर भेग दिसतेय आणि भाच्याने सुपरग्लू आणूनही ठेवलाय.

फोम तरंगतो, कबूल. पण सर्फबोर्ड म्हणजे नुसता फोम नव्हे. आत नखाने दाबला तरी दबेल असा हलका फोम, त्यावर रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेल्या काचेच्या कापडाचं पातळ कवच (हेच फायबरग्लास), आणि बहुतेक बोर्डांत मधोमध उभी लाकडी पट्टी, म्हणजे स्ट्रिंगर. या तिन्ही गोष्टी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात म्हणून बोर्ड माणसाचं वजन पेलतो. भेगेतून पाणी शिरलं की आधी हे चिकटणंच सुटायला लागतं.

फोमही दोन जातींचा. पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, पाणी हळूहळू पितो आणि प्यालेलं सहजी सोडत नाही. भेगेभोवती तपकिरी डाग पसरतो. दुसरा ईपीएस, म्हणजे आपल्या थर्माकोलचा सख्खा भाऊ. त्याच्या मण्यांमध्ये बारीक फटी असतात, त्यामुळे शेपटाला शिरलेलं पाणी तिथेच थांबेल याची खात्री नाही. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. सहा फुटी बोर्ड साधारण तीन किलोचा, त्याच्या शेपटात अर्धा लिटर साचलं तर वजन सहाव्या हिश्शाने वाढलं, तेही एकाच टोकाला. नवशिक्याला वाटतं आपल्यालाच तोल जमत नाहीये.

आता कडक ऊन. कवच तापतं, आतली ओल वाफ होऊन फुगते, तिला वाट मिळत नाही, आणि काच फोमपासून उचलली जाते. डेकवर, म्हणजे आपण उभे राहतो त्या वरच्या बाजूला, फोड आल्यासारखा फुगवटा दिसतो, अंगठ्याने दाबला की आतबाहेर होतो. यालाच डिलॅम म्हणतात. बोटभर भेग संध्याकाळभराचं काम असतं. हातभर डिलॅम म्हणजे कवच कापून पुन्हा काच चढवणं. म्हणजे मेसेजमधला उपाय छोट्या दुखण्याचं मोठं दुखणं करतो. पाणी काढायचंच तर भेग खालच्या बाजूला येईल असा बोर्ड टेकवा आणि सावलीत, वाऱ्यावर राहू द्या. दोन दिवस नव्हे, आठवडा, कधी त्याहून जास्त.

सुपरग्लू तर विचारूच नका. तो वाळला की ठिसूळ होतो, आणि बोर्ड लाटेखाली वाकतो, त्यामुळे भेग पुन्हा उघडते. साधा सुपरग्लू थर्माकोल खातो हे शाळेचे प्रकल्प केलेल्या कुणालाही माहीत असेल. पॉलिएस्टर रेझिनचंही तेच. त्यातलं स्टायरीन ईपीएस विरघळवतं, वरून भेग बुजलेली आणि खाली पोकळी. ट्यूबमधून मिळणारं, उन्हात घट्ट होणारं रेझिनही बहुधा पॉलिएस्टरच असतं, लेबल वाचा. एपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन दोन्ही फोमवर चालतं. तेव्हा आत काय आहे हे ठाऊक नसेल तर डोळे मिटून एपॉक्सी.

नीट दुरुस्ती अशी : बोर्ड पूर्ण कोरडा. सुटी, पांढरी पडलेली काच कापून टाकायची. भेगेच्या चहूबाजूंनी इंचभर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडायचं, नाहीतर नवीन रेझिन धरत नाही. खड्डा असेल तर रेझिनमध्ये फिलर पावडर कालवून भरायचा. त्यावर ४ औंसी काचेच्या कापडाचे दोन तुकडे, वरचा खालच्यापेक्षा थोडा मोठा. घट्ट झालं की १२०, २२० आणि शेवटी पाण्यासह ४०० नंबर. काचेची धूळ फुप्फुसात जाते, मास्क हवाच. हे स्वतः करायचं नसेल तर दुरुस्तीवाल्याचा आकडा आधी विचारा आणि बोर्डच्या किमतीतून वजा करून बोला. ‘स्वस्त’ बोर्ड बरेचदा तिथेच महाग होतो.

आणि भेग आहे की नाही हे कळण्यासाठी पाय घसरू नये म्हणून बोर्डवर चोळलेलं वॅक्स आधी काढलेलं हवं. विकणाऱ्याला तसं सांगून ठेवा. जाड वॅक्सखाली काय काय झाकलेलं असतं! डेक अंगठ्याने वीतवीत अंतरावर दाबत जा, विशेषतः मागचा पाय पडतो तिथे. टाचांचे उथळ खळगे असणारच, त्यात चिरा नसल्या तर सोडून द्या. मग बोर्ड उलटा करून तिरप्या उजेडात धरा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी रेघ दिसली आणि तशीच रेघ दुसऱ्या बाजूलाही असली तर बोर्ड एकदा मोडता मोडता राहिलाय किंवा मोडून जोडलाय. स्ट्रिंगर तुटलेला असणार. नवशिक्याने तिथे घासाघीस न करता निघावं. राहिली ओलीची परीक्षा : भेगेवर ओठ टेकवून जोरात ओढा. तोंडात खारट ओल आली तर आत पाणी आहे. विकणारा बघत राहील, बघू दे.

पिवळ्या बोर्डच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेलं रेझिन ठिसूळ होत जातं. पण पिवळेपणा येतो तो अतिनील किरणांनी, आणि उघड्यावर पडलेला पीयू बोर्ड फार न वापरताही पिवळा होतो. बघायचं ते एवढंच की पिवळेपणा सगळीकडे सारखा आहे की ठिपक्याठिपक्यांनी. सारखा असेल तर ऊन. एखाद्या भेगेभोवती तपकिरी धब्बा असेल तर पाणी. उलट पांढऱ्याशुभ्र जुन्या बोर्डचीच मला जास्त शंका येते. दुरुस्तीवर पांढरा रंग मारणं काही कठीण नसतं. बोटं फिरवा, रंगाखालची कापडाची कडा हाताला लागते.

उंचीपेक्षा फूटभर लांब? साडेपाच फुटी माणसाने या हिशेबाने साडेसहा फुटी टोकदार, पातळ बोर्ड घेतला तर त्यावर पालथं पडून हातांनी पॅडल मारताना छाती पाण्याखाली राहील आणि लाट पकडताच येणार नाही. तरंगवतं ते आकारमान, नुसती लांबी नव्हे. नव्या बोर्डवर लिटर छापलेले असतात, जुन्यावर बरेचदा फक्त लांबी, रुंदी, जाडी असते, तळाला स्ट्रिंगरलगत पेन्सिलीने लिहिलेली. तिन्ही इंचांत घेऊन गुणा, ६१ ने भागा, आणि आलेल्या आकड्याचा अर्ध्याहून किंचित जास्त, म्हणजे ०.५५ पट घ्या. अंदाज पुरेसा बरोबर येतो. ७२ × १८.७५ × २.३५ इंचांचा शॉर्टबोर्ड, म्हणजे आखूड, पातळ बोर्ड, २८-२९ लिटर. ९६ × २२.५ × ३.२५ चा आठ फुटी सुमारे ६३. सत्तर किलोच्या नवशिक्याला साठच्या खाली जायचं कारण नाही, ऐंशी असले तरी बिघडत नाही. बाजारात स्वस्तात सापडतात ते मात्र नेमके तीसच्या आतले, कारण कुणीतरी हाच सल्ला ऐकून घेतलेले असतात.

चौथा मुद्दा, खेळण्याचा. पोहताना बोर्ड डोक्यात बसला की खेळणं कोणतं ते समजतं. ‘अमेरिकन जर्नल ऑफ इमर्जन्सी मेडिसिन’मध्ये २००२ साली नाथनसन, हेन्स आणि गॅलनिस यांचा अभ्यास आला होता. १,३४८ सर्फर, १,२३७ तात्कालिक दुखापती. त्यातल्या ५५ टक्के स्वतःच्याच बोर्डने झालेल्या. समुद्राच्या तळाने १७ टक्के, दुसऱ्याच्या बोर्डने १२. सगळ्यात जास्त प्रमाण कापल्याच्या जखमांचं, आणि ३७ टक्के दुखापती डोकं-मानेच्या. इंटरनेटवरची प्रश्नावली होती, लोकांनी आपणहून भरलेली, तेव्हा आकडे काटेकोर मानू नका. पण टोकदार नोज (पुढचं टोक), कडक रेल (बाजूची कड) आणि धारदार फिन असलेला बोर्ड, जो दर दोन मिनिटांनी हातातून सुटणार आहे, त्याच्याऐवजी मऊ डेकचा बोर्ड सुचवायला एवढं पुरे.

जुना सॉफ्टटॉप घेताना खबरदारी आहेच, आणि मेसेजवाल्याने याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. त्यात पाणी शिरलं की फायबरग्लाससारखी सोपी दुरुस्ती नसते. उचलून बघा, त्याच मापाच्या दुसऱ्या बोर्डपेक्षा जड लागला तर ठेवून द्या. तळाचं गुळगुळीत प्लास्टिक सुटून फुगलंय का, कडांची शिवण उघडलीय का, लीश बांधायचा प्लग हलतोय का, एवढं तपासा. बंद गाडीत तापलेल्या सॉफ्टटॉपचा तळ हटकून फुगतो.

पाचवा मुद्दा, लीश. फुकट मिळाली तर घ्या, पण पाण्यात नेऊ नका. दोर दोन्ही टोकांना, जिथे तो पट्ट्यात शिरतो तिथे, वाकवून बघा. केसाएवढी चीर दिसली तरी ती तिथेच तुटणार. नवी लीश बोर्डएवढी किंवा किंचित लांब घ्यावी. आखूड आणि ताणणारी लीश बोर्ड तोंडावर परत आणते : वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख, बनवणारे जॅक ओनील यांचा डावा डोळा १९७१ मध्ये असाच गेला. प्लगला बांधायची सुतळीही आखूड ठेवा, म्हणजे रेलवर लीशची रुंद पट्टी टेकेल. सुतळी लांब असली की ती शेपटाची कड दोऱ्याने साबण कापावा तशी कापते.

फिनचं आणखी किचकट. फिन बसवायच्या दोन पद्धती : एफसीएसच्या फिनला दोन छोटे दात असतात, फ्युचर्सला एक लांब बूड. एकाचे दुसऱ्यात बसत नाहीत. जुन्या एफसीएसचे स्क्रू ३/३२ इंची ॲलन कीने फिरतात, आणि मीठ खाल्लेले असले तर फिरतच नाहीत. बोर्ड घेण्याआधी प्रत्येक स्क्रू एकदा सैल करून परत आवळून बघा. फिन धरून आडवा हलवा. फिनबरोबर सगळा बॉक्स, म्हणजे फिन बसायची खाच, हलला, किंवा बॉक्सच्या कोपऱ्यांतून चिरा निघालेल्या दिसल्या, तर पाण्याला आत जायचा रस्ता तिथूनच आहे. बॉक्स बदलायला राउटर, म्हणजे खाच कोरायचं यंत्र, लागतो, ते घरी होणारं काम नाही.

भाच्याच्या चौथ्या फोटोत मधला फिन नाहीच. बॉक्स वाळूने गच्च भरलाय. तो साफ करून कोपऱ्यांचा जवळून फोटो मागव म्हणून कळवलंय.